महिनाभर टिकणारं फळ

माझ्या लेकाने बारा वर्षं खपून ब्लूबेरीची नवी जात काढली. फळ लिंबाएवढं. बरं, बोराएवढं. गोड, आणि लेकाच्या मते फ्रिजमध्ये महिनाभर टिकणारं. ते टिकलं तरच जातीची नोंद होणार होती. म्हणून त्याने एक डबा भरून घरच्या फ्रिजमध्ये ठेवला आणि वर चिठ्ठी डकवली, "हात लावू नये." रोज सकाळी फळं दाबून बघायचा आणि वहीत लिहायचा, "घट्ट. वरची ताजेपणाची पांढुरकी भुकटी जशीच्या तशी."

तिसाव्या दिवशी तपासनीस आला. वही वाचून त्याने नाक मुरडलं, मग एक फळ तोंडात टाकलं आणि उडालाच.

"अहो, हे तर आज सकाळी तोडल्यासारखं लागतंय!"

लेकाची छाती फुगली. मला काही राहवेना.

"सकाळी नाही हो, काल संध्याकाळी," मी म्हटलं. "रोज मूठभर खाते आणि तेवढीच परसातल्या झुडपावरून तोडून डब्यात भरते. डबा कमी दिसला तर हा ओरडतो ना!"

"आई!" लेक मटकन खालीच बसला.

"आजी, तुमच्या घरात ही परीक्षा काही व्हायची नाही," तपासनीस म्हणाला. त्याने नवा डबा भरून घेतला आणि महिनाभर आपल्या ऑफिसच्या फ्रिजमध्ये ठेवायला घेऊन गेला.

चौथ्याच दिवशी त्याचा फोन आला. लेकाने घाबरतच उचलला.

"आणखी एक डबा पाठवता का?" तपासनीस हळूच म्हणाला. "या वेळी जरा मोठा."