ताईने वाचलेल्या ओळी

या, जवळ सरका, बंद दाराची एक गोष्ट सांगते. निवृत्त नवरा रोज दुपारी खोलीचं दार लावून घ्यायचा आणि आतून तरण्या बाईचा आवाज यायचा, “सावकाश रे राजा!” बायकोला संशय आला. शेवटी तिने दार ढकललंच. आत जुनाट कॉम्प्युटर अन् चालू टेपरेकॉर्डर.

“कोण हो ही बया?”

“माझी ताई. कॉम्प्युटरवर गेम बनवायचो आम्ही. ती वहीतून प्रोग्रामच्या ओळी वाचायची, मी टाइप करायचो. अंथरुणाला खिळल्यावर टेपवर वाचून ठेवल्या तिने. शेवटच्या चार तेवढ्या राहिल्या, अन् ती गेली. गेम अजून अपुराच.”

“वहीत असतील की!”

“आहेत. पण वाचणार कोण?”

बायकोने खुर्ची ओढली, वही उघडली. “घ्या, ओळ तीनशे सात.”

मंडळी, त्या ताईची आठवण असू द्या.