घरटी एक

खांडीत चोपन्न माणसं होती. मोरेश्वरनं ती दोनदा मोजली, एकदा उगवतीकडून आणि एकदा मावळतीकडून. दोन्ही वेळा चोपन्न. खाडीचा बांध फुटून पडलेली ती खांड बावीस हात रुंद होती. घड्याळात सात वाजून दहा मिनिटं झाली होती. साडेनवाच्या सुमाराला भरतीचं पाणी परत येणार होतं. तोवर खांड बुजली नाही तर खारं पाणी भातशेतात घुसणार, आणि मग तीन वर्षं तिथं दाणा पिकणार नाही.

हिशेबानं मात्र माणसं त्रेपन्न हवी होती. गावात घरं अठ्ठावन्न. बांध फुटला की घरटी एक माणूस, हा इथला जुना नियम. ज्या घरचं कुणी येणार नाही त्याचं नाव चारचौघांत पुकारायचं आणि पुढं त्या घरच्या मयताला गावानं जायचं नाही. ज्या घरात पुरुषच नाही त्याला माफी. अशी घरं पाच. म्हणजे उरली त्रेपन्न. मग हे एक जास्तीचं कोण? चिखलानं सगळे एकाच रंगाचे झाले होते; नुसत्या वाकलेल्या पाठी दिसत होत्या. आपण चुकून स्वतःलाच मोजलं की काय, अशी शंका त्याला आली. पण तो तर वर कोरड्या बांधावर वही घेऊन उभा होता.

मोरेश्वर पदार्थविज्ञान घेऊन बी.एस्सी. झाला होता आणि मग समाजशास्त्राकडे वळला होता. "समाज डोळ्यांना दिसत नाही," त्याचे प्राध्यापक सांगत, "पण तो माणसाला हाताला धरून कामाला लावतो. तुम्ही बाहेर उभे राहा आणि मोजा." मोजण्यासाठी त्यानं पनवेलपासून दोन कोसांवरचं हे आगरी गाव निवडलं होतं. सव्वा महिना तो भामाबाईकडे राहत होता, तिच्याच चुलीवरचं जेवत होता. तिच्या घराची नोंद त्यानं पहिल्याच दिवशी केली होती : माणसं एक, विधवा, वय अडुसष्ट. वय तिला सांगता आलं नव्हतं. प्लेगाच्या वर्षी तिचे पुढचे दुधाचे दात पडले होते, यावरून त्यानं ते काढलं होतं, आणि त्या युक्तीवर तो खूश होता.

आज पहाटे तिनं त्याला एक भाकरी जास्त वाढली होती. दाराशी नवऱ्याचं जुनं फावडं घासूनपुसून, दांड्याला नवी पाचर ठोकून उभं केलं होतं. मोरेश्वर त्याला वळसा घालून बाहेर पडला. नोंद मात्र त्यानं केली : अवजारं, फावडं एक.

"ओ मास्तर!" खांडीतून दादूनं हाक दिली. गावानं त्याचं नाव मास्तरच पाडलं होतं. "मोजून मोजून खांड भरतं का? नायतर ती वहीच टाका हितं. जाड हाय चांगली!"

रांग हसली. मोरेश्वरही हसला. कापलेल्या चिखलाचे गोळे हातोहात पुढं सरकत होते. काम चालू असताना प्रश्न विचारायचे नाहीत, ही त्याची पद्धत होती. 'नियमापेक्षा एक माणूस जास्त. कारण शोधावे,' असं त्यानं समासात लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. हे काहीतरी नवं हाताला लागत होतं.

नऊ वाजून वीस मिनिटांनी शेवटचा गोळा थापला गेला. गावचा म्होरक्या तुळशीराम वर आला.

"तुळशीरामदादा, माफीची घरं पाच ना?"

"चार."

"पाचवं भामाबाईचं."

तुळशीरामनं हाताचा चिखल निपटला. "तिची माफी काल बैठकीत काढली. तुमी पनवेलला टपाल टाकाया गेलं हुतं. तिनंच काढाया लावली. उभी रायली नि म्हनली, माजे घरान बाप्या हाय आता. आमी म्हनलं, खरं हाय. ज्या चुलीवरचं खातो, त्या घरचा तो गडी."

"पण मला कुणी सांगितलं नाही."

"फावडं ठेवलं हुतं ना दाराशी?"

मोरेश्वरनं वही मिटली.

"आमी सगलं बघत हुतो," तुळशीराम हलकेच म्हणाला. "आता मास्तर उतरल, मग उतरल. तुमी वही काढली. मंग ती घरी गेली नि फावडं घेऊन आली."

रांगेतलं शेवटचं माणूस बांध चढत होतं. कमरेपर्यंत चिखल, डोक्याला घट्ट फडकं. वर येताना तिनं आधारासाठी हात पुढं केला. मोरेश्वरनं तो धरला. त्याचा हात कोरडा होता, आणि त्याच्या बोटांना शाई लागली होती.

"मास्तर, किती येल उन्हान उभं रायलं तुमी," भामाबाई धापा टाकत म्हणाली. "दमलं असाल. चला, भाकर करते."

तिच्या मागून फावडं उचलून आणायचंही त्याला सुचलं नाही. ते तीच खांद्यावर टाकून पुढं निघाली.

बांधाला पहिलं पाणी लागलं तेव्हा तो एकटाच तिथं होता. त्यानं वहीतलं तिच्या घराचं पान काढलं. 'माणसं एक' खोडलं आणि त्याच्याखाली लिहिलं :

माणसं दोन. खांडीत आलेली एक. वय अडुसष्ट.