पाच नंबरचा खण

"नीट बघून सांग, पोरी. केशरी किती आणि हिरवे किती?"

फोनवर गुरुजी होते. सर्व्हर बसवायला कंपनीकडून हेच आले होते, आणि समोरच्याला वर्गात बसवून शिकवायची खोड असल्यामुळे अख्ख्या गोदामानं त्यांचं नाव गुरुजी करून टाकलं होतं. आता ते दुसऱ्या शहरात बसून तिच्या डोळ्यांनी बघत होते. सर्व्हरच्या खोलीत मोबाईल न्यायला बंदी, त्यामुळे फोटोबिटो काही नाही. भिंतीवरचा फोन आणि गोदामातले संगणक सांभाळणारी ती, एवढंच.

"एक केशरी, सात हिरवे," ती म्हणाली.

"मागचे वीजपुरवठ्याचे?"

"दोन्ही हिरवे."

"नेटवर्कचा?"

"लुकलुकतोय."

"मग बाकी यंत्र ठणठणीत आहे. एक डिस्क मेलीय आणि तिनं उरलेल्यांना लटकवून ठेवलंय. घाबरू नकोस."

घाबरू नकोस म्हणे! अकराला चौकशी समिती बसायची होती, आणि समितीला हवं असलेलं कॅमेऱ्याचं चित्रण याच आठ डिस्कांवर होतं. भिंतीवरच्या घड्याळात साडेदहा झाले होते.

परवा शीतगृहाचं दार रात्रभर उघडं राहिलं आणि लसींचे चारशे खोके वाया गेले. पाळीवर पहारेकरी होते तिचे बाबा. "दार मी स्वतः ओढून बघितलं, घट्ट बंद होतं," एवढंच ते सगळ्यांना सांगत होते. एकतीस वर्षं डोळ्यांत तेल घालून राखण केलेला माणूस. निवृत्तीला चार महिने उरलेले. ठपका सिद्ध झाला तर अंगावरचा गणवेश उतरवून ठेवायचा आणि मान खाली घालून फाटकाबाहेर पडायचं.

मॅनेजरबाई दारातून डोकावल्या. "वाचव गं बाई ते चित्रण. माझा तुझ्या बाबांवर पूर्ण विश्वास आहे, पण समितीला पुरावा लागतो. तोंडी शब्दाला कोण विचारतंय?"

"बघतेय मी, मॅडम."

उघड्या दारातून बाकावर बसलेले बाबा दिसले. गणवेशाला कडक इस्त्री होती, पण एक बटण भलत्याच काजात अडकलेलं. तिला बघताच त्यांनी विचारलं, "डबा आणलास का गं?"

"आणलाय बाबा. तुमच्या मांडीवरच आहे."

"हो की!" ते हसले. थोड्या वेळापूर्वीही त्यांनी हेच विचारलं होतं. बिचारे, काळजीनं माणसाचं दुसरं काय होणार, असं पुटपुटत मॅनेजरबाई त्यांच्याजवळ जाऊन बसल्या. तिनं दार लोटलं.

"ऐक आता," गुरुजी म्हणाले. "आठांतली एक गेली तरी उरलेल्या सात मिळून सगळं सांभाळतात. दुसरी गेली की संपलं, देवसुद्धा परत आणू शकत नाही. म्हणून मेलेलीच काढायची. केशरी दिवा कुठल्या खणावर आहे?"

"पाच."

"मोजू नकोस! खणांचे आकडे शून्यापासून असतात, भले भले तिथंच गोते खातात. छापलेला आकडा वाच."

"छापलेलाच वाचतेय, गुरुजी. पाच."

"बोट ठेव त्यावर."

"ठेवलंय."

"पुन्हा एकदा सांग."

"पाच नंबर. केशरी."

"शाब्बास. आता खटका दाब आणि सावकाश ओढ."

तिनं खटका दाबला. डिस्क खणातून सुटली आणि तिच्या बोटांतून निसटून दाणकन फरशीवर आदळली. त्याच क्षणी यंत्रानं किंचाळायला सुरुवात केली.

"काय झालं? तो आवाज कसला?" गुरुजी ओरडले. "परत घाल! आधी परत घाल ती!"

"गुरुजी, हातातून पडली हो."

"म्हणजे आणखी एक आधीच गेलेली असणार," गुरुजी म्हणाले. "दिव्यानं दाखवलं नाही. होतं असं कधीकधी. तुझा दोष नाही, पोरी. मी लिहून देतो तसं."

ती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा बघूनच मॅनेजरबाई समजल्या. त्यांनी कपाळावर हात मारला. "आता बाबांना निर्दोष कोण म्हणणार? बरं, पुरावाच नाही म्हटल्यावर ठपकाही ठेवता यायचा नाही म्हणा. समितीला प्रकरण बंदच करावं लागेल."

"मॅडम, बाबांची रजा साठलीय. निवृत्तीपर्यंत त्यांना घरीच राहू द्या."

"खुशाल राहू देत."

बाबा मात्र कासावीस झाले. "म्हणजे मी दार बंद केलं होतं, हे आता कुणाला दिसणारच नाही?"

"नाही दिसणार, बाबा." तिनं त्यांचं बटण सोडवून नीट लावलं. "मला माहीत आहे ना, बास झालं."

"बरं." त्यांनी मान हलवली. "डबा आणलास का गं?"

यंत्राचा आवाज बंद करायला ती परत आत गेली. काल संध्याकाळी, यंत्र बिघडायच्या आधी, तिनं ते चित्रण एकटीनं बघितलं होतं. शीतगृहाचं दार बाबांनीच उघडलं होतं. उंबऱ्यावर उभं राहून ते आतल्या कुणाशी तरी हसत, हातवारे करत बराच वेळ बोलले आणि दार तसंच टाकून निघून गेले. आत खोक्यांशिवाय कुणी नव्हतं. तिनं यंत्राचं बटण दाबून धरलं तेव्हा तीन नंबरच्या खणावरचा केशरी दिवा सकाळपासून होता तसाच जळत होता. पाच नंबरचा, तिनं ओढेपर्यंत, हिरवा होता.