डाव्या हातातल्या अळ्या

आदल्या दिवशी प्रयोगशाळेत जंतू टोचलेल्या सगळ्या अळ्या दुपारपर्यंत मरायला हव्या होत्या. विद्यार्थिनीच्या डिशमधल्या मेल्या होत्या, जळक्या वातीसारख्या काळ्या पडून. बाईंच्या डिशमधल्या मात्र मजेत फिरत होत्या. जंतू तेच, डोस तोच, सिरिंजही तीच. टोचणारे हात तेवढे वेगळे.

"जंतू आत गेलेच नसणार," विभागप्रमुख म्हणाले. माणूस वाईट नव्हता. म्हणूनच त्यांनी बाईंच्या डाव्या हाताकडे बघायचं टाळलं. तो हात टेबलावर आपल्या मनाने थरथरत होता. बाईंनी तो कोटाच्या खिशात घातला, तर खिसा हलायला लागला.

"नव्या औषधाची चाचणी तोंडावर आलीय. टोचायचं काम या तुमच्या विद्यार्थिनीकडे द्या. तुम्ही बसून नुसतं सांगत चला."

नुसतं सांगत चला. हे शब्द बाईंना फार झोंबले. उभा जन्म या अळ्यांपायी गेला होता. मधाच्या पोळ्यातलं मेण फस्त करणारी ही पांढुरकी, करंगळीच्या पेराएवढी अळी. मधमाश्या पाळणारे तिच्या नावाने बोटं मोडतात. बाईंचा मात्र तिच्यावर जीव होता. एवढासा जीव, पण अंगात जंतू शिरला की त्याच्याशी दोन हात करतो. तिच्या रक्तातल्या पेशी आपल्या पांढऱ्या पेशींसारख्याच जंतूंना गिळतात, उरलेल्यांना काळ्या खपलीत कोंडतात. आपल्या अंगात रोग शिरल्यावर पहिली झुंज कशी लागते ते बघायचं असेल तर हिच्याकडे बघा, असं बाई वर्गात सांगायच्या. पोरं पाठीमागे त्यांना 'अळ्यांची आई' म्हणायची. बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही.

हाताचं दुखणं डॉक्टरांनी नीट समजावलं होतं. हात रिकामा असला की थरथरेल, कामाला लागला की थांबेल. निदान काही वर्षं तरी. "म्हणजे अगदी माझ्या उलट," नवरा म्हणाला होता, "मला काम सांगितलं की कापरं भरतं." बाई तेव्हा पोटभर हसल्या होत्या. आज त्यांना ना डॉक्टरांचा भरवसा वाटत होता, ना स्वतःचा. आपलीच सुई चुकली असणार. त्यांनी सिरिंज पुसली, डबीत ठेवली आणि डबी विद्यार्थिनीच्या पुढ्यात सरकवली.

"घे. आजपासून तुझी."

"उद्यापर्यंत राहू द्या, बाई," ती म्हणाली. पोरगी मुळात चिवट. तिने बाईंच्या जिवंत अळ्यांच्या रक्ताचा थेंब थेंब घेतला, जंतू वाढवायच्या डिशवर पसरला आणि डिश रात्रभर उबेत ठेवली. सकाळी तिच्यावर जंतूंचे ठिपके उगवले होते. फार नाहीत, पण होते.

"सुई चुकली नव्हती, बाई. जंतू आत गेले होते. बरेचसे अळ्यांनीच संपवलेत."

बाई त्या ठिपक्यांकडे बघतच राहिल्या. छातीवरचा धोंडा उतरला खरा, पण कोडं तसंच राहिलं. "मग माझ्याच का जगल्या?"

"परवा केलंत तसंच सगळं करून दाखवा. अगदी पहिल्यापासून."

बाई बसल्या. बाकी सगळे अळी चिमट्याने एकेक उचलतात. बाईंना ते कधीच पटलं नाही, चिमट्याने तिला दुखतं म्हणून. त्यांनी नेहमीप्रमाणे डाव्या मुठीत मूठभर अळ्या घेतल्या आणि उजव्या हाताने कामं उरकायला घेतली. डिशवर तारीख घातली. सिरिंज भरली. आतले बुडबुडे काढले. तेवढा वेळ डाव्या हाताला काही काम नव्हतं. तो थरथरत होता आणि मुठीत अळ्या एकमेकींवर आपटत होत्या. मग एक अळी बोटांत धरून टोचायची वेळ आली आणि हात जागच्या जागी शांत झाला. सुई मागच्या पायाच्या बुडाशी बरोब्बर गेली. विद्यार्थिनी सुईकडे बघतच नव्हती. ती मुठीकडे बघत होती.

"अस्सं," ती एवढंच म्हणाली.

त्याच दिवशी तिने काही अळ्या ओंजळीत घेतल्या आणि फासे खुळखुळवतात तशा खुळखुळवल्या. काहींना अजिबात हलवलं नाही. मग सगळ्यांना तेच जंतू, तेवढेच टोचले. दुसऱ्या दुपारी न हलवलेल्या काळ्या पडल्या होत्या. खुळखुळवलेल्या फिरत होत्या.

विभागप्रमुखांना बोलावणं गेलं. ते दोन्ही डिशवर वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले. विद्यार्थिनी भरभर सांगत होती. धक्के बसले की अळीला वाटतं, संकट आलं. ती आधीच सावध होते, लढणाऱ्या पेशी रक्तात उतरवते. जंतू येतात तेव्हा तिची फौज तयार उभी असते. हे आणखी तपासायला हवं, पण दिसतंय ते असं.

"औषधाच्या चाचणीला मात्र मी चिमटाच वापरीन," बाई म्हणाल्या. "मुठीतल्या अळ्या तिथे चालायच्या नाहीत. माझ्या हाताचं श्रेय औषधाला जायचं."

विभागप्रमुख सरळ झाले. त्यांनी टेबलावरची डबी उचलली आणि बाईंच्या पुढ्यात ठेवली.

"सिरिंज तुमच्याकडेच राहू दे." मग त्यांनी बाईंच्या हलत्या खिशाकडे पाहिलं. या वेळी नजर चुकवली नाही.

"आणि बाई, तो हात बाहेर काढा. या शोधाचं पुढचं सगळं काम त्याच्यावरच आहे."