उरलेला दम

घाट लागला तशी अनुसयाबाई बोलायची बंद झाली. घाट मोबाईलमधला. गोरेगावच्या माळावर दुपारची मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली मुंड्या घालून बसली होती, आणि ती टेकाडावर, जिथं रेंज येते तिथं, फतकल मारून बसली होती. पडद्यावर तिचे सात सायकलवाले चढाला लागले होते. पिवळ्या बंड्या तिनंच निवडलेल्या, भंडाऱ्याचा रंग म्हणून.

लाल बंड्या शिवहारच्या. शिवहार तिचा लेक, पुण्यात कंपनीत होता आणि आत्ता जेवणाच्या सुट्टीत समोरून खेळत होता. फोनचा स्पीकर चालू होता.

पैज सरळ होती. तो जिंकला तर मेंढरं विकायची आणि अनुसयाबाईनं पुण्याला त्याच्याकडं राहायला जायचं. ती जिंकली तर वर्षभर त्यानं पुण्याचं नाव काढायचं नाही. पैज तिनंच लावली होती. रोज तेच ऐकून कान किटले होते तिचे. खेळही त्यानंच तिच्या मोबाईलमध्ये घालून दिलेला, माळावर एकट्या मायला करमत नसेल म्हणून. पन्नास मेंढरं सांभाळणाऱ्या बाईला न करमायला वेळ कुठला, पण हे पुण्यात बसून कळत नाही.

"त्याचा तो पुढचा किती?" बाजूला टेकलेल्या चतुराबाईनं विचारलं. ही तिची चुलत जाऊ. हिच्याही शेळ्या खाली बसलेल्या.

"चढाला चौऱ्याऐंशी."

"आन् तुझा?"

"शहात्तर."

"मंग काहून जीव काढून राहिली? मेंढरं इकते म्हण आन् मोकळी हो."

अनुसयाबाईला इंग्रजी येत नव्हतं, आकडे येत होते. प्रत्येक गड्याच्या नावापुढं तीन आकडे असायचे. पहिला चढाचा, दुसरा दमाचा, तिसरा गेलेला दम किती लवकर भरतो त्याचा. सगळे पहिला आकडा बघून गडी घ्यायचे. तिनं तिसरा बघून घेतले होते. बाजारात मेंढी घेतानाही ती कधी नुसतं अंग बघून भुलली नव्हती.

नऊ किलोमीटर राहिले आणि शिवहारचा लाल गडी सुटला. एकटाच, सगळ्यांना मागं टाकून.

"पळाला की तो," चतुराबाईनं तिला कोपरानं ढोसलं. "सोड तुझा बी."

"पळू दे."

"अगं पर..."

"चढाला कळप आपल्या चालीनं चालू द्यावा. हाकलला की गाभण मेंढी बसती. ती बसली की समदी बसत्यात."

तिनं दोन पिवळे गडी वारा अडवायला पुढं घातले, आपला शहात्तरवाला त्यांच्या आडोशाला ठेवला आणि जोर लावायच्या बटणापासून अंगठा लांब धरला. अंतर चाळीस सेकंद झालं. मग पंचावन्न. मग सत्तर. भीती वाटत होती तिला, खोटं कशाला सांगा.

"माय, पिशव्या भरायला घे," शिवहार हसत म्हणाला.

"तू आधी घाट चढ."

चार किलोमीटर राहिले तेव्हा वारा अडवणारे दोघं थकून मागं पडले. "बसा रे लेकरांनो, लई केलं," असं ती खरंच म्हणाली, आणि चतुराबाई तोंडाला पदर लावून हसली. आता तिचा गडी एकटा होता. तिनं बटण दाबलं. साठ. चाळीस. पंधरा. शेवटच्या वळणावर लाल बंडी समोर दिसली, अगदी मंद चाललेली. पिवळी तिच्या बाजूनं निघून गेली.

नऊ सेकंदांनी जिंकली अनुसयाबाई.

चतुराबाईनं तिच्या पाठीत धपाटा घातला. "जिंकलीस की गं. आता ऱ्हातंय तुझं मेंढरू."

"जिंकलीस माय," फोनमधून आवाज आला. "शब्द म्हंजे शब्द. वर्षभर पुण्याचं नाव काढनार न्हाई."

अनुसयाबाईनं डोळे पुसले. मग शर्यत संपल्यावर येतो तो तक्ता बोटानं वर सरकवला, आकडे बघायची सवय म्हणून. तिच्या गड्याचा उरलेला दम तीन. शिवहारच्या लाल गड्याचा एक्केचाळीस.



"शिवहार, तुझ्या गड्याला काय झालतं?"

"दम लागला ना त्याला."

"एक्केचाळीस उरलाय."



"जाऊ दे ना माय," तो हळूच म्हणाला. "तुला तिथंच ऱ्हायचंय ना? ऱ्हा."

"पुन्हा लाव."

"माय, खरं खेळलो तर हरशील तू."

"मंग हरंन. मेंढरं इकून येते पुण्याला, तुझ्या दारात येऊन बसते. तकरार करनार न्हाई."

चतुराबाईनं तिचं मनगट धरलं. "येडी का खुळी तू? हातात आलेलं घालवती व्हय?"

अनुसयाबाईनं मनगट सोडवून घेतलं. आवाज चढला नव्हता तिचा, पण खालची दोन-चार मेंढरं मान वर करून बघायला लागली.

"तू ठिवलं म्हणून मी हितं ऱ्हायले, असं नगं मला. लाव पुन्हा. आन् आता माय समोर हाय म्हणून खेळू नको."