साधी गोळी

"घरी यांना कोणती औषधं चालू होती? कोण देत होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"मीच द्यायचो," थोरला म्हणाला.

"म्हणजे काय? मी देत होते," त्याची बायको म्हणाली.

धाकटी बहीण भिंतीला टेकून उभी होती. ती पुढे आली. "या दोघांना काय माहीत? वेळच्या वेळी मी देत होते."

तिघांच्याही आवाजात जराशी ऐट होती. काचेपलीकडे बाबा पिवळ्याधमक डोळ्यांनी छताकडे बघत पडले होते.

बाबा बस चालवायचे. बायको गेली, मग निवृत्ती आली आणि ते कॉटवर आले. "जन्मभर डोक्यावर पाटी होती, चालकाशी बोलू नये," ते म्हणायचे. "घरातली पाटी कुणी लावली ते कळेना." सगळे हसायचे आणि पुन्हा आपापल्या मोबाइलमध्ये डोकं घालायचे.

मग बाथरूममध्ये त्यांचा पाय घसरला. हाड मोडलं नाही, पण कंबर धरली. दवाखान्यात कुणी न्यायचं यावरून भावाबहिणीत जुंपली. थोरल्याची पंपिंग स्टेशनवरची ड्यूटी, धाकटीचं चष्म्याचं दुकान. शब्दाला शब्द लागला. "तुला बाबांचं काही पडलेलं नाही," हे दोघांनीही एकमेकांना ऐकवलं. सून मध्ये पडली, तर दोन्हीकडून तिचाच उद्धार झाला. शेवटी शेजाऱ्यांनी रिक्षा आणली. दवाखान्यात सांगितलं, आराम करा, फारच दुखलं तर एखादी गोळी घ्या.

घरात अबोला पडला. पण बोलणी तिघांनाही लागली होती. प्रत्येकाने मनाशी ठरवलं, बाबांचं आता मीच बघणार. कुणी कुणाला सांगितलं नाही.

थोरला कामावर जाताना आणि आल्यावर त्यांच्या खोलीत जायचा. सोबतच्या फिटरने खात्रीची म्हणून सांगितलेली लांबट पांढरी गोळी द्यायचा आणि कॉटच्या कडेला टेकायचा. कुठली बस कुठल्या घाटात बंद पडली होती, ते बाबा सांगायचे. इतकी वर्षं हे आपण कधी ऐकलंच नव्हतं, असं त्याला वाटायचं.

सून शाळेतून आली की पर्समधली पिवळी गोळी काढायची. तिच्या डोकेदुखीवर ती हमखास लागू पडायची. गोळीचा गुण येईपर्यंत ती बाबांना पेपर वाचून दाखवायची, अगदी छोट्या जाहिरातींसकट.

धाकटीची गोळी पाण्यात टाकायची होती. ती फसफसत विरघळेपर्यंत बापलेक ग्लासाकडे बघत बसायचे. दुकानात कुणी कसली फ्रेम मागितली, कुणाला ती कशी दिसली, हे ऐकून बाबा खो खो हसायचे.

"अजून दुखतंय?" असं प्रत्येक जण विचारायचा.

"दुखतंय," बाबा म्हणायचे.

मग एकाच्या दोन गोळ्या व्हायच्या. सकाळच्या जोडीला दुपारचीही यायची. मेडिकलवाला काही विचारत नव्हता. विचारण्यासारखं होतं तरी काय? साधी पेनकिलर. घरोघरी असते.

महिना उलटला. बाबांची भूक मेली. सुनेला वाटलं, पित्त झालं असेल. पाणीसुद्धा पोटात ठरेना. थोरल्याला वाटलं, पडून पडून होतं असं. आज सकाळी बाबांनी सुनेला आपली बायको समजून हाक मारली आणि डेपोला उशीर होतोय म्हणून डबा मागितला. सुनेने खिडकीचा पडदा सरकवला. उजेडात त्यांचा चेहरा पिवळा दिसला.

"गोळ्या आणल्यात का?" डॉक्टरांनी विचारलं.

खिशातून एक पाकीट निघालं, पर्समधून एक, बॅगेतून एक. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. डॉक्टरांनी ती तिन्ही पालथी करून टेबलावर ओळीने मांडली आणि बारीक छापलेल्या अक्षरांवर बोट ठेवलं. "वाचा."

धाकटी वाकली. "पॅरासिटामॉल," तिने वाचलं. दुसऱ्यावर वाचलं, "पॅरासिटामॉल." तिसरं तिने उचललं आणि न वाचताच खाली ठेवलं.

"नावं तीन, रंग तीन, औषध एकच," डॉक्टर म्हणाले. "बेताने घेतलं तर काही होत नाही. यांच्या पोटात ते रोज तिप्पट जात होतं. लिव्हर जवळजवळ निकामी झालंय."

"पण आता काहीतरी करता येईल ना?" सुनेने विचारलं.

"करतोय. पण या वयात फार आशा धरू नका. आत जाऊन भेटून घ्या."

थोरला खुर्चीत बसला तो उठलाच नाही. "बाबांनी एका शब्दाने सांगायचं," तो पुटपुटला. "आत्ताच घेतलीय, एवढंच म्हणायचं." सून तोंडाला पदर लावून भिंतीकडे वळली.

धाकटी आत गेली. बाबा त्या घटकेला शुद्धीवर होते. त्यांनी तिला ओळखलं. सलाइनने सुजलेला हात तिने आपल्या हातात घेतला. विचारायचं नाही असं ठरवून ती आली होती, पण राहवलं नाही.

"बाबा, दादा देतोय, वहिनी देतेय, हे मला सांगायचं नाही का हो? इतकं दुखत होतं?"

बाबांचे ओठ कोरडे पडले होते. तिने कान जवळ नेला.

"दुखायचं तर पहिल्या आठवड्यातच थांबलं गं," ते म्हणाले. "पण बरं वाटतंय म्हटलं असतं, तर येऊन कोण बसलं असतं?"