वीस दिवसांचा आकडा

"अहो, आकडाच मागतोय, किडनी नव्हे," मॅनेजर म्हणाला.

टेस्टिंगच्या बाई समोर उभ्या होत्या. सात मजले जिना चढून आल्या होत्या, धाप लागली होती. ऑफिसात सगळे त्यांना शंकाबाई म्हणत. कागद समोर आला की कानामागची पेन्सिल निघालीच.

मॅनेजरला इथे येऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. एका नव्या इस्पितळाच्या लिफ्टचं सॉफ्टवेअर तपासायला किती दिवस लागतील, ते चार वाजेपर्यंत कळवायचं होतं. आकडा फुगला की काम दुसऱ्या कंपनीकडे जाणार, आणि पहिल्याच कामात तोंडघशी पडायची त्याची तयारी नव्हती. त्यात सकाळपासून दिव्यांची उघडझाप, आणि चष्मा घरी राहिलेला. 

"बावन्न दिवस," बाई म्हणाल्या.

"बावन्न? अजून कोडची एक ओळ लिहिलेली नाही, तुम्हाला बावन्न दिसले कुठून?"

"रिक्वायरमेंटच्या, म्हणजे लिफ्टने काय काय करायचं त्या यादीतून. चौऱ्याऐंशी ओळी आहेत. पासष्ट स्पष्ट, त्यांना अर्धा-अर्धा दिवस. एकोणीस धूसर, त्यांना एकेक. साडेएक्कावन्न, म्हणजे बावन्नच."

"मला तर आज सगळंच धूसर दिसतंय." त्याने कागद नाकाशी धरला.

"हे ऐका. 'वजन जास्त झाल्यास योग्य ती कृती व्हावी.' योग्य म्हणजे काय? थांबायचं, की दार उघडायचं? 'वीज गेल्यास सुरक्षित जागी थांबावे.' कुठली जागा? ज्यानं लिहिलंय त्याला आज विचारलं तर पाच मिनिटांचं काम. नंतर निस्तरायला पाच दिवस. मला एक दिवस द्या, विचारून येते. आकडा आपोआप उतरेल."

"एक दिवस! चार वाजायला वीस मिनिटं उरलीत, बाई."

फोन वाजला. त्याची आई होती.

"चष्मा टेबलावर विसरलास. रिक्षात बसलेय, घेऊन येते."

"अगं, कशाला उगाच?"

"डोळ्यांना दिसत नाही आणि म्हणे साहेब! येते मी."

फोन ठेवून त्याने कपाटातून एक जुनी फाईल काढली आणि बाईंसमोर आपटली. हा त्याचा हुकमाचा पत्ता होता.

"याआधीच्या लिफ्टचं काम. वीस दिवस. खाली सही कुणाची?"

बाईंनी फाईल उघडलीसुद्धा नाही. "सही माझी. आकडा तेव्हाच्या साहेबांचा."

"चालतेय ना ती लिफ्ट?"

"चालते."

"मग झालं तर! वीस दिवसांत जग बुडालं नाही."

"वीस दिवसांत काय तपासायचं राहिलं, तेही विचारा एकदा."

त्याने विचारलं नाही. चाराला पाच कमी असताना 'वीस दिवस' असं लिहून मेल पाठवला, आणि मोठा सुस्कारा सोडला. बाई पेन्सिल बोटांत फिरवत खिडकीशी उभ्या राहिल्या. त्यांचा राग चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता.

फोन पुन्हा वाजला.

"पोचले रे. लिफ्टमध्ये शिरतेय. कितवा मजला म्हणालास?"

"सातवा."

बाई गर्रकन वळल्या. "त्यांना जिन्याने यायला सांगा."

"सात मजले? अहो, गुडघे धरलेत तिचे. तुमच्यासारखी जिने चढायची हौस नाही तिला!"

तेवढ्यात दिवे गेले. पंखा घरघरत थांबला. फोनवर आईचं "अगं बाई!" ऐकू आलं आणि फोन बंद पडला.

"एवढं घाबरायला काय झालं?" तो बाईंना म्हणाला, पण स्वतः पुन्हा पुन्हा आईचा नंबर फिरवत होता. "वीज गेली की लिफ्ट सुरक्षित जागी थांबते. तुमच्याच यादीत लिहिलंय."

"लिहिलेलं मागच्या वेळीही होतं, साहेब. विजेच्या ओळी तपासायच्या राहिल्या," म्हणत बाई जिन्याकडे धावत सुटल्या. "ते वीस दिवस याच लिफ्टचे होते!"